मुलांना वाचून दाखवणे: पुस्तकाची भाषा आधी कानावर पडावी लागते

संध्याकाळ झाली की आपण मुलाला म्हणतो, ‘अंधार पडला, चल आता आत.’ गोष्टीच्या पुस्तकात तीच संध्याकाळ अशी येते: ‘सूर्य मावळला तशी रानातली वाट हळूहळू दिसेनाशी झाली आणि ज्या झाडाखाली तो सकाळी बसला होता, ते झाडही त्याला ओळखू येईना.’ या दुसऱ्या वाक्यात अवघड म्हणावा असा एकही शब्द नाही. तरीही असे वाक्य कोणतीही आई किंवा कोणतेही वडील आपल्या चार वर्षांच्या मुलाशी बोलताना वापरणार नाहीत. ‘ज्या झाडाखाली… ते झाड’ ही जोडी, ‘दिसेनाशी झाली’ आणि ‘ओळखू येईना’ ही क्रियापदांची रूपे, दोन घटनांना बांधणारा तो छोटासा ‘तशी’, ही सारी लिहिण्याची मराठी आहे. पुढे शाळेत मुलासमोर जी पुस्तके येतील, ती बहुतेक याच मराठीत असतील. ती स्वतः वाचता येऊ लागण्याआधी मुलाच्या ओळखीची व्हायची असेल, तर कोणीतरी ती त्याला वाचून दाखवावी लागते. वाचून दाखवण्याचे जे अनेक फायदे सांगितले जातात, त्यांतले बरेचसे माझ्या मते या एका गोष्टीतून निघतात. म्हणून आधी तिच्याकडे नीट पाहू.

बोलण्यातली आणि लिहिण्यातली भाषा किती वेगळी असते, हे संशोधकांनी मोजून पाहिले आहे. डोनाल्ड हेस आणि मार्गारेट अहरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजी भाषेपुरता असा एक हिशेब मांडला. सर्वाधिक वापरात असलेले दहा हजार शब्द बाजूला ठेवून त्यापलीकडचे, म्हणजे कमी वेळा भेटणारे शब्द दर हजारामागे किती येतात, हे त्यांनी तपासले. मुलांच्या पुस्तकांत असे शब्द हजारामागे सुमारे ३१ होते, प्रौढांसाठीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत सुमारे २३, तर पदवीधर माणसांच्या आपसातल्या गप्पांत सुमारे १७. मुलांसाठी लिहिलेले पुस्तक शब्दसंपत्तीच्या बाबतीत सुशिक्षित प्रौढांच्या गप्पांपेक्षा श्रीमंत असते, हे प्रथम ऐकताना आश्चर्याचे वाटते. पण कारण साधे आहे. बोलताना आपल्याला शब्द निवडायला वेळ नसतो, त्यामुळे हाताशी असलेल्या शब्दांवर आपण भागवतो. लिहिणारा थांबून, खोडून, नेमका शब्द शोधू शकतो. २०१५ मध्ये जेसिका मोंटॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर चित्रपुस्तकांतला मजकूर आणि आईवडिलांचे लहान मुलांशी होणारे बोलणे यांची तुलना केली, तेव्हाही तेच दिसले. सारख्याच लांबीच्या मजकुरात चित्रपुस्तकांत वेगवेगळे शब्द सुमारे १.७ पट अधिक होते. पुढच्या अभ्यासांत वाक्यरचनेचीही तपासणी झाली. एका वाक्यात दुसरे वाक्य गुंफलेल्या रचना आणि कर्मणी प्रयोग रोजच्या बोलण्यापेक्षा चित्रपुस्तकांत अधिक आढळले.

शब्दांच्या संख्येचा आणखी एक हिशेब बराच गाजला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये लहान मुलांच्या लोकप्रिय पुस्तकांतले शब्द मोजले आणि पाच वर्षांचे होईपर्यंत रोज एक पुस्तक ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर त्यातून सुमारे २ लाख ९७ हजार शब्द पडतील, तर रोज पाच पुस्तके ऐकणाऱ्याच्या कानावर १४ लाखांहून अधिक, असा अंदाज काढला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही आकडेमोड पुस्तकांतल्या शब्दांची आहे, मुलांच्या डोक्यात उतरलेल्या शब्दांची नाही. ऐकलेला प्रत्येक शब्द मुलाचा होतोच असे नाही. तो केव्हा त्याचा होतो, हा प्रश्न मला संख्येपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे पुढे येऊ.

लिखित भाषेचे शब्दांहून महत्त्वाचे वैशिष्ट्य असे की, ती समोर नसलेल्या गोष्टींविषयी बोलते. घरातले बोलणे बहुतेक वेळा समोरच्या वस्तूंना धरून असते. ‘ते इकडे आण’, ‘हे नको, ते घाल’, ‘असं धर’ या वाक्यांचा अर्थ निम्मा शब्दांत असतो आणि निम्मा बोट, नजर, खोली आणि प्रसंग यांत. पुस्तकाला ही सोय नाही. रान, वाट, झाड आणि हरवलेला मुलगा हे सारे त्याला शब्दांनीच उभे करावे लागते आणि ऐकणाऱ्या मुलाला ते शब्दांवरूनच मनात उभे करावे लागते. चित्रे काही काळ हात देतात, पण मुलगा घाबरला आहे की नुसताच दमला आहे, तो मागे का वळला, त्याने हाक का दिली नाही, हे चित्रात नसते. ते शब्दांच्या मधल्या जागेत असते आणि मूल ते अंदाजाने भरून काढते. पुढे इतिहासाचा धडा, विज्ञानातला प्रयोग किंवा गणितातले शाब्दिक उदाहरण समजून घ्यायला हीच क्षमता लागते. तिची तयारी तीन-चार वर्षांच्या वयात गोष्ट ऐकताना नकळत होत असते.

आता वाचनाकडे वळू. ‘वाचता येणे’ हे एकच कौशल्य आहे असे आपण धरून चालतो, पण त्यात निदान दोन वेगळी कामे आहेत. एक म्हणजे अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे ओळखून त्यांचा उच्चार करता येणे. दुसरे म्हणजे त्यातून तयार होणारी भाषा समजणे. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये हा विचार एका सोप्या सूत्रात मांडला: वाचून अर्थ कळणे हा या दोन कौशल्यांचा गुणाकार आहे. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. मराठी वाचकाला याचा पडताळा सहज घेता येईल. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते, म्हणून नेपाळीतला मजकूर आपण बऱ्यापैकी मोठ्याने वाचू शकतो, मात्र भाषा येत नसल्याने अर्थ फारसा हाती लागत नाही. ज्या मुलाने लिहिण्याची मराठी कधी ऐकलेलीच नाही, त्याची पाठ्यपुस्तकापुढे काहीशी अशीच अवस्था होते. ते अक्षर न अक्षर बरोबर वाचते आणि ‘काय वाचलेस ते सांग’ म्हटल्यावर गप्प बसते. मोठी माणसे मग त्याला आणखी वाचनाचा सराव देतात, खरे तर उणीव ऐकण्याची असते.

या सूत्राची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. नुसते वाचून दाखवल्याने अक्षरओळख होत नाही. मेरी ॲन इव्हान्स आणि जाँ सेंतोबॅं यांनी २००५ मध्ये, चित्रपुस्तक ऐकत असताना मुलांची नजर कुठे जाते, हे उपकरणाने टिपले. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, मजकुराकडे मुले क्वचितच पाहत होती. हे स्वाभाविक आहे, कारण त्या वयात मजकूर म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या खुणा असतात. वाचता वाचता कधीतरी शीर्षकाखाली बोट फिरवणे, मुलाच्या नावातले अक्षर पानावर आले की ते दाखवणे, ओळ कुठून कुठे जाते ते सांगणे, एवढ्याने फरक पडतो. बालवाडीतील शिक्षकांनी वर्षभर अशा रीतीने छापील मजकुराकडे लक्ष वेधत वाचले, तेव्हा त्या वर्गांतील मुलांच्या वाचनात त्याचा लाभ दोन वर्षांनंतरही दिसून आल्याचे लॉरा जस्टिस आणि शेन पियास्टा यांच्या गटाने २०१२ मध्ये नोंदवले आहे. तरीही अक्षरे शिकवणे हे वेगळे काम आहे. गोष्टीच्या प्रत्येक पानावर ते करू लागलो तर गोष्ट मरते.

कसे वाचावे, यावरचा सर्वांत बोलका प्रयोग ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये करून १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. एकवीस ते पस्तीस महिन्यांच्या मुलांची कुटुंबे त्यांनी दोन गटांत विभागली. दोन्ही गटांतले पालक महिनाभर मुलांना सारख्याच वेळा वाचून दाखवत होते. एका गटाला मात्र थोडे प्रशिक्षण दिले होते: सरळ वाचत सुटू नका, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मागणारे प्रश्न टाळा, मुलाला बोलू द्या आणि ते जे बोलेल ते थोडे वाढवून परत त्याच्या हाती द्या. महिन्यानंतर या गटातली मुले बोलून व्यक्त होण्याच्या एका चाचणीत दुसऱ्या गटापेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढे होती. नऊ महिन्यांनंतर अंतर कमी झाले होते, पण मिटले नव्हते. या पद्धतीला आपण संवादी वाचन म्हणू.

ती प्रत्यक्षात अगदी साधी दिसते. मूल चित्रावर बोट ठेवून ‘भू भू’ म्हणते. आई म्हणते, ‘हो, केवढा मोठा काळा कुत्रा आहे. काय करतोय गं तो?’ मूल म्हणते, ‘झोपला.’ आई म्हणते, ‘दमून झोपलाय. पायरीवर झोपलाय.’ मुलाच्या एका शब्दाला दोन शब्द जोडले गेले, ते त्याच्याच विषयाला धरून आणि त्याचे लक्ष तिथे असतानाच. ऐकलेला शब्द मुलाचा केव्हा होतो, या मघाच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर येथे आहे. ज्या क्षणी मुलाची उत्सुकता एखाद्या गोष्टीवर टेकलेली असते, त्या क्षणी त्या गोष्टीचा शब्द कानावर पडला, तर तो रुजण्याची शक्यता सर्वाधिक असते. याउलट प्रत्येक पानावर ‘हा रंग कोणता?’, ‘किती पक्षी आहेत?’, ‘मघाशी काय झालं होतं?’ अशी चौकशी सुरू केली, की मांडीवरच्या गोष्टीची परीक्षा होते आणि मूल मांडीवरून उतरून निघून जाते. त्याचा हा निर्णय योग्य असतो, असे मला वाटते.

दुसरे उत्तर पुनरावृत्तीत आहे. तीच गोष्ट पुन्हा वाचण्याचा मुलांचा हट्ट मोठ्यांना थकवतो. आठवडाभर रोज तेच पुस्तक वाचणाऱ्या वडिलांना एखादे पान गाळण्याचा मोह होतो आणि मूल लगेच त्यांना पकडते. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग या हट्टामागची रीत दाखवतो. काही मुलांना आठवड्याभरात त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तेच होते आणि सारख्याच वेळा आले. शब्द लक्षात राहिले ते प्रामुख्याने तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्या. कारण असे असावे की, पहिल्या वेळी मुलाचे सगळे लक्ष ‘पुढे काय होते’ यात गुंतलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कथानकाची चिंता संपते आणि मन मोकळे होऊन बारीकसारीक गोष्टींकडे, न कळलेल्या शब्दाकडे, पात्राच्या मनाकडे जाऊ शकते. आपणही आवडत्या पुस्तकाकडे परत जातो ते याच कारणाने. म्हणून मूल तेच पुस्तक पुन्हा घेऊन आले, तर त्यातले काहीतरी त्याला अजून हवे आहे असे समजावे आणि पाने गाळू नयेत.

आता थोडी सावधगिरी. वाचून दाखवण्याविषयी ‘बुद्धी वाढते’, ‘मुले हुशार होतात’ अशी विधाने सर्रास केली जातात. पुरावा इतका ढोबळ नाही. ज्या घरांत मुलांना वाचून दाखवले जाते, त्या घरांत बहुधा पुस्तके अधिक असतात, आईवडील अधिक शिकलेले असतात, मुलांशी बोलणेही अधिक होते, आणि भाषेची उपजत गतीही पालकांकडून मुलांकडे येते. त्यामुळे अशा घरांतली मुले पुढे चांगले वाचतात, यातले किती श्रेय पुस्तकाला द्यायचे हे ठरवणे कठीण असते. १९९५ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून ॲड्रियाना बस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की, भाषेत आणि वाचनात मुलामुलांमध्ये जो फरक दिसतो, त्याच्या सुमारे ८ टक्के भागाचा संबंध शाळापूर्व वयातल्या वाचून दाखवण्याशी लावता येतो. २०१९ मध्ये प्रशिक्षणाच्या प्रयोगांचा असाच एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी परिणाम लहानच आढळला, आणि तुलनेच्या गटालाही दुसरा एखादा उपक्रम दिलेला असला तर तो जवळजवळ नाहीसा झाला. या निष्कर्षांनी मला निराशा वाटत नाही. हे प्रयोग बहुधा काही आठवड्यांचे असतात, आणि भाषा काही आठवड्यांत घडत नाही. पण त्यांतून एवढे कळते की, महिनाभर वाचून चमत्कार होईल अशी अपेक्षा ठेवून हे काम करू नये. त्याला वर्षे द्यावी लागतात आणि इतकी वर्षे ते टिकायचे, तर दोघांनाही त्यात आनंद वाटावा लागतो.

सुरुवात केव्हा करावी, असा प्रश्न नेहमी येतो. जन्माआधीच्या शेवटच्या आठवड्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो. १९८६ मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स यांनी काही गरोदर स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे रोज एकच उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. जन्मानंतर काही दिवसांतच, बाळाच्या चोखण्याच्या लयीनुसार उतारा ऐकू येईल अशी सोय केली, तेव्हा त्या बाळांनी तो उतारा ऐकू यावा अशा रीतीने आपल्या चोखण्याची लय बदलली. नव्या उताऱ्यासाठी तसे केले नाही. अर्थ कळण्याचा येथे प्रश्नच नाही, बाळाने ओळखली ती लय. यावरून गर्भसंस्काराचे मोठे दावे करू नयेत, पण तान्ह्या बाळाला काय कळते म्हणून वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये, जन्मापासूनच वाचून दाखवावे, असा सल्ला पालकांना देण्याचे धोरण स्वीकारले. पहिल्या वर्षात मूल पुस्तक चावेल, उलटे धरेल, तीन पाने एकदम उलटेल. त्या वयात पुस्तक हाताळण्याची पद्धत तीच आहे. जाड पुठ्ठ्याची पुस्तके त्यासाठीच बनवतात.

वाचणारे माणूस समोर असणे का महत्त्वाचे, याचे उत्तर पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात मिळते. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांसमोर चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्तींनी बारा बैठकांत पुस्तके वाचली आणि खेळणी घेऊन गप्पा मारल्या, तेव्हा ती बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. हेच सारे दुसऱ्या काही बाळांना पडद्यावर दाखवले, तर काहीच शिकणे झाले नाही. थोड्या मोठ्या मुलांना ध्वनिमुद्रित गोष्टींचा उपयोग नक्की होतो, पण यंत्र मुलाच्या नजरेकडे पाहून थांबत नाही. पडद्यावरच्या पुस्तकात आणखी एक अडचण आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच पालक आणि तीच मुले छापील पुस्तक घेऊन बसली तेव्हा गोष्टीविषयी अधिक बोलली. टॅबलेट हाती आला की पुस्तक कोणी धरायचे आणि बटण कोणी दाबायचे यातच लक्ष गेले.

भावनांविषयी थोडक्यात सांगतो. लहान मुलाला ‘तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारले तर बहुधा उत्तर येत नाही, पण ‘या सशाला भीती का वाटत असेल?’ यावर ते बरेच बोलते. राग, मत्सर, एकटेपणा यांना नावे मिळाली की त्यांच्याविषयी बोलता येते. २०१८ मध्ये अ‍ॅलन मेंडेलसोन यांच्या गटाने, वाचून दाखवणे आणि खेळणे यांत पालकांना हात देणाऱ्या कार्यक्रमामुळे मुलांमधला आक्रमकपणा आणि अतिचंचलता कमी झाल्याचे नोंदवले, ते बहुधा याच्याशी जोडलेले असावे.

अनेक पालकांना एक संकोच असतो: आपल्याला नीट वाचता येत नाही, आवाज बदलता येत नाहीत. नाट्यपूर्ण वाचन सुंदर असते, पण अनिवार्य नाही. अडखळणारा पालक एखाद्या लांब शब्दापाशी थांबतो, मागे जाऊन ओळ पुन्हा वाचतो, तेव्हा वाचताना अडले तर काय करायचे, हेही मुलाला दिसते. ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांनी बिनशब्दांचे चित्रपुस्तक घेऊन गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. तोंडी गोष्टीतही समोर नसलेले जग शब्दांनीच उभे राहते. आणि भाषा घरात बोलली जाते तीच असावी. शाळा दुसऱ्या भाषेत असली तरी गोष्टीचा धागा पकडणे, पात्राच्या मनाचा अंदाज घेणे या क्षमता मूल एका भाषेकडून दुसरीकडे घेऊन जाते.

शेवटची गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. मूल स्वतः वाचू लागले की आपण वाचून दाखवणे थांबवतो. नेमक्या त्याच वेळी त्याला त्याची गरज असते, कारण सात वर्षांच्या मुलाची वाचण्याची क्षमता आणि ऐकून समजण्याची क्षमता यांत मोठे अंतर असते. स्वतः वाचताना ते चार ओळींच्या पानापाशी असते, पण ऐकताना दोनशे पानी साहसकथा त्याला समजते. हे अंतर भरून येण्यास साधारणपणे तेरा-चौदाव्या वर्षापर्यंतचा काळ लागतो. मधल्या वर्षांत त्याला फक्त स्वतः वाचता येईल एवढेच वाचायला ठेवले, तर पुस्तके बाळबोध असतात असा त्याचा समज होतो. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी त्याच्या आवाक्यापेक्षा थोडे अवघड पुस्तक निवडावे, सुरुवातीची संथ पाने आपण वाचावीत, पात्रांची नावे आणि लेखकाची शैली त्याच्या कानात बसू द्यावी. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या सुमारास पुष्कळदा असे होते की, रात्री आपण पुस्तक उघडतो तेव्हा खूण पुढे सरकलेली असते.